बाबा, आवाज मूळचाच ठेवा

बर्लिन,
रविवार

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही म्हणालात, की एक परदेशी थरारपट हिंदीत लावला आणि अर्ध्या तासात डोळा लागला. चित्रपट कोणता ते मी विचारले नाही, पण तो हिंदीत पाहिलात, तिथेच घोटाळा झाला असावा. तेच चार-पाच आवाज साऱ्या जगाच्या तोंडी घातले, की घाबरलेला माणूस आणि घाबरल्याचे सोंग करणारा माणूस सारखेच ऐकू येतात, आणि थरारपटात आपल्याला नेमका तोच फरक ओळखायचा असतो. इथे दुपारी चारलाच अंधार पडू लागला आहे, हाताशी वेळ आहे, तेव्हा फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा नीट लिहूनच पाठवते.

आवाज मूळ भाषेतला ठेवावा आणि खाली इंग्रजी उपशीर्षके लावावीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्हाला पांढऱ्या पडद्यावरची पांढरी अक्षरे दिसत नाहीत, हे माझ्या लक्षात आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये अक्षरे मोठी आणि पिवळी करून त्यांच्यामागे काळी पट्टी देण्याची सोय असली, तर दादाकडून तेवढे करून घ्यावे. आईला इंग्रजी भराभर वाचता येत नाही, म्हणून तुम्ही मोठ्याने मराठीत सांगत जावे. ती 'मध्ये बोलू नका' म्हणेल आणि दोन मिनिटांनी 'काय म्हणाला तो?' असे तीच विचारेल.

सुरुवात 'एल सेक्रेतो दे सुस ओखोस' या २००९च्या अर्जेंटिनाच्या चित्रपटाने करावी. दिग्दर्शक खुआन खोसे काम्पानेला. २०१०मध्ये परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. पण मी तो तुम्हाला सुचवते आहे त्याचे कारण ऑस्कर नव्हे. त्याचा नायक ब्वेनोस आइरेसच्या फौजदारी न्यायालयातला निवृत्त कर्मचारी आहे आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा एक खून त्याच्या मनातून जात नाही. तुमच्यासारख्या ज्या माणसाने सारी नोकरी रोजनामे लिहिण्यात आणि मुद्देमालाच्या नोंदी तपासण्यात काढली, त्याला त्या कचेरीतले फायलींचे ढीग, साहेबांची मर्जी आणि सहकाऱ्यांची टोमणेबाजी परकी वाटणार नाही. नायकाचा दारुडा सहकारी सांदोवाल ज्याने रंगवला आहे, तो गिजेर्मो फ्रांचेला तिकडे विनोदी नट म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्याकडे अशोक सराफांना अशी भूमिका द्यावी, तसे ते आहे. फुटबॉलच्या मैदानावरचा एक प्रसंगही डोळे भरून पाहावा. कॅमेरा आकाशातून उतरून गर्दीत शिरतो आणि पळणाऱ्या माणसाच्या मागे लागतो, आणि सुमारे पाच मिनिटे कुठे कात्री लागल्याचे जाणवत नाही.

त्यातली एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवायला हवी, कारण इंग्रजी अक्षरांत ती हरवते. नायकाजवळच्या टंकयंत्राचे 'ए' (A) हे अक्षर उमटत नाही. तुमच्या यंत्राचा 'र' असाच अडकायचा आणि तुम्ही घरी येऊन त्याच्या नावाने शिमगा करायचात. नायक झोपेतून दचकून उठतो आणि कागदावर 'तेमो' (TEMO) असा शब्द लिहून ठेवतो. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'मला भीती वाटते'. पुढे केव्हातरी त्या शब्दात तो राहिलेला 'ए' घातला, की 'ते आमो' (TE AMO) होते, म्हणजे 'माझे तुझ्यावर प्रेम आहे'. खाली नुसती इंग्रजी वाक्ये वाचणाऱ्याला हे एका अक्षराचे अंतर कळायचे नाही. आईला एवढेच सांगावे, की सुरुवातीला खून झालेल्या मुलीचे एक दृश्य आहे. तेवढ्यापुरते तिने स्वयंपाकघरात जाऊन यावे.

दुसरा चित्रपट जुना आहे, १९३१चा, फ्रिट्झ लांग यांचा 'एम'. हा लांग यांचा पहिला बोलपट. आपल्याकडे 'आलम आरा' आला ते हेच वर्ष. आवाजाचे तंत्र नुकतेच हाती आले असताना त्यांनी ते किती जपून वापरले, हे पाहण्यासारखे आहे. मुले मारणारा माणूस आपल्याला आधी दिसतो तो सावलीत, आणि ऐकू येते ती त्याची शीळ. त्याचे काम करणाऱ्या पेटर लोर यांना शीळ घालता येत नव्हती, म्हणून ती लांग यांनी स्वतः घातली, आणि त्यांना सूर नव्हता म्हणूनच ती जास्त अंगावर येते, असे माझे मत आहे. शहरभर पोलीस फिरत असतात, पण त्या शिळेवरून त्याला ओळखतो तो फुगे विकणारा एक आंधळा. खून कुठेही दाखवलेला नाही. एका मुलीची आई जेवणाचे ताट मांडून जिन्यातून तिला हाका मारते. रिकामा जिना, रिकामा माळा, रिकामे ताट, घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा, बस्स. मी राहते त्या इमारतीचा लाकडी जिना थेट तसाच आहे. तो चित्रपट पाहिल्यावर दोन दिवस मी कठड्यावरून खाली वाकून पाहिले नाही.

'दास लेबेन देअर आंडेरेन' (२००६) मात्र थोडा हातचा राखून सुचवते. १९८४च्या पूर्व बर्लिनमध्ये स्टाझी या गुप्त पोलिसांचा एक अधिकारी माळ्यावर बसून, कानाला हेडफोन लावून, एका नाटककाराचे घर ऐकत असतो. उलरिश म्यूए यांचा अभिनय असा, की चेहऱ्यावरची रेघ हलत नाही आणि तरी आत काय चालले आहे ते कळते. पण असे मन बदललेला स्टाझी अधिकारी प्रत्यक्षात आढळलेला नाही, हा इथल्या जाणकारांचा आक्षेप होता, आणि होएनशोनहाउझेनच्या जुन्या तुरुंगात आता जे स्मारक आहे, त्यांनी चित्रीकरणाला परवानगी नाकारली होती. मला तो आक्षेप पटतो, आणि तरी चित्रपट आवडतो.

'देन स्कील्डिए' (२०१८) हा डॅनिश चित्रपट दीड तासाहूनही छोटा आहे. पोलिसांच्या मदतकक्षातला एक माणूस आणि फोनवरचे आवाज, एवढाच सारा ऐवज. यात संवाद अखंड आहेत, त्यामुळे तुमचा घसा बसेल.

काकांसाठी मात्र क्लूझो यांचा १९५३चा 'ल सालेर द ला पर' राखून ठेवावा. तेलविहिरीला लागलेली आग स्फोटाने विझवायची म्हणून चार माणसे दोन ट्रकांतून नायट्रोग्लिसरीन घेऊन निघतात, आणि जरा जोराचा धक्का बसला तरी सगळे संपते. पहिला तास रेंगाळतो, तेव्हा काकांना चहा देत राहावे. पुढे एका घाटवळणावर, कुजलेल्या फळ्यांच्या माचीवर ट्रक मागे घ्यायचा असतो. ज्यांनी खंबाटकीत वीस वर्षे ट्रक चालवला, ते तिथे खुर्चीत बसूनच ब्रेक दाबतील. यातली माणसे फ्रेंच, इटालियन, जर्मन अशी ठिकठिकाणची आहेत आणि भाषाही मिसळून बोलतात. सगळ्यांना एकाच हिंदीत बोलायला लावले, तर त्यांचे परकेपण कसे कळणार?

तुम्हाला आवडलेला 'बदला' ज्यावरून घेतला, तो ओरिओल पाउलो यांचा 'कोन्त्रातिएम्पो' (२०१६) घाईने पाहू नये. मुळात आरोपी पुरुष आणि वकील बाई आहे, पण रहस्य तुम्हाला ठाऊकच आहे.

पुढच्या रविवारी फोन करीन, तोवर अर्जेंटिनाचा पाहून ठेवावा. शेजारच्या काकूंना शेवट मात्र सांगू नये. त्यांनाही तो पाहायचा आहे, असे आई म्हणत होती.

आईस साष्टांग नमस्कार, दादाला आशीर्वाद मागितल्याचे सांगावे.

आपली,
धाकटी