आधी प्रश्न, मग टाचण्या

सातारा, रविवार दुपार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दोनदा विचारलंस, "आई, रागावलीस का गं?" आणि दोन्ही वेळा मी "छे" म्हणून कुकरकडे पळाले. फोनवर मला धड बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. आज दुकान बंद आहे आणि बाबा झोपलेत, म्हणून लिहायला बसले.

तू माझी नक्कल केलेला तो व्हिडिओ मला पहिल्यांदा दाखवला एका गिऱ्हाइकाने. फिटिंगला आली होती. अंगात अर्धा ब्लाउज, एक बाही लागलेली, एक नाही, आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणते, "काकू, ही तुमचीच सई ना? आणि ह्या तुम्हीच ना?" गळ्यात इंची टेप, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडात टाचण्या आणि वर ते "हुं, मंगळवारी याऽऽ." हसले मी. ती बाई तर इतकी हसली की खांद्याची टाचणी तिलाच टोचली. तो 'या' मी लांबवते, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. खडूने खूण करताना माझी जीभ बाहेर येते, तेही तू बरोबर उचललंस. राग नाही आला, खरंच. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर काहीतरी टोचत राहिलं. काय ते मला चार दिवस कळलं नाही. तू पाठवलेली ती लिंक पाहिली, तेव्हा कळायला लागलं.

"आई, कॅरल बर्नेट बघ, हिचा हा ड्रेस खास तुझ्यासाठी," असं अमेरिकेतल्या त्या टीव्हीवरच्या विनोदी नटीबद्दल लिहिलं होतंस. पाहिला. एकदा नाही, सात-आठदा, थांबवून थांबवून. मूळ सिनेमा 'गॉन विथ द विंड'. त्यातली नायिका हातात पैसा नाही म्हणून घरातल्या हिरव्या मखमली पडद्यांचा गाऊन शिवून घेते. तिकडच्या एनबीसी वाहिनीने तो सिनेमा नोव्हेंबर १९७६ मध्ये टीव्हीवर दाखवला आणि त्याच आठवड्यात, १३ तारखेला, हिने त्याची ही फिरकी घेतली. म्हणजे बघणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पडदे अजून ताजे होते. लिहिणाऱ्यांनी म्हणे नुसता पडदा अंगाभोवती गुंडाळून यायचं असं लिहिलं होतं. कपडे करणारा बॉब मॅकी. त्याने पडद्याचा व्यवस्थित गाऊन केला, फक्त दांडी काढायची 'विसरला'.

ती दांडी नीट बघ. दोन्ही खांद्यांवरून आडवी, दोन्हीकडे बाहेर आलेली. चुण्या दांडीवरून तशाच सुटलेल्या, कमरेला पडद्याचीच दोरी गोंड्यांसकट. एवढं सगळं घेऊन ती जिना उतरते, आणि तोरा असा की गाऊन जणू पॅरिसहून आलाय. माणसं हसायची थांबत नाहीत, ती मात्र दांडीचा द सुद्धा चेहऱ्यावर येऊ देत नाही. समोरचा कौतुक करतो तर म्हणते, खिडकीत दिसला, मोह आवरला नाही. तिकडे दुकानाच्या काचेलाही खिडकीच म्हणतात, हे बाबांनी सांगितलं तेव्हा मी दुसऱ्यांदा हसले. तो गाऊन आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. शिंप्याचं काम संग्रहालयात! मला फार बरं वाटलं.

पण मला विचारशील तर त्याहून भारी तो स्कर्ट. कॅरलने केलेली मिसेस विगिन्स नावाची ती ढिम्म सेक्रेटरी पाहिलीस ना? कागदावर ती म्हातारी होती. मॅकी म्हणाला, म्हाताऱ्या पुष्कळ केल्यास, आणि त्याने तिला काळा घट्ट स्कर्ट दिला. तो मागून ढगळ पडला. ती म्हणाली, हा आत घ्यायला लागेल. कुणीही हेच म्हणेल, मीही ताबडतोब टाचण्या उचलल्या असत्या. तर हा म्हणतो, आत घेऊ नको, तूच मागे होऊन ती जागा भर. तिने पार्श्वभाग मागे काढला, आणि ती बदकासारखी चाल तिथेच जन्माला आली. तीस वर्षं मी माणसाला कपडा बसवत आले. इथे कपड्यात माणूस बसवला होता. त्या रात्री बाबांना मी हे तीनदा सांगितलं. शेवटी त्यांनी कूस बदलली.

बाबांना आता तिचं वेडच लागलंय. तिच्या मुलाखती शोधून काढतात आणि मी काजं करत असताना वाचून दाखवतात. जन्म १९३३चा, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा. आई-वडील दोघंही दारूत बुडालेले, पोरीला वाढवलं आजीने, हॉलिवूडमध्ये एका खोलीत. आजी तिला सिनेमाला न्यायची आणि घरी येऊन ही सगळा सिनेमा परत करायची. पुढे टीव्हीवर कार्यक्रम संपताना ती कानाची पाळी ओढायची, ती त्या आजीला खूण, की मी ठीक आहे. आजी गेल्यावरही ओढत राहिली.

कॉलेजात असताना एका श्रीमंताघरच्या पार्टीत तिने काम केलं. नंतर खाण्याच्या टेबलापाशी उभी राहून आजीसाठी पदार्थ पर्समध्ये भरत होती, तेवढ्यात खांद्यावर थाप. वाटलं, पकडली गेले. तो माणूस म्हणाला, तुझं काम आवडलं, पुढे काय करणार? न्यूयॉर्कला जायचंय पण पैसे नाहीत, असं तिने सांगितलं. त्याने हजार डॉलर दिले. अटी अशा की पाच वर्षांत बिनव्याजी फेडायचे, माझं नाव कुणाला सांगायचं नाही आणि उद्या जमेल तेव्हा दुसऱ्या कुणाला मदत करायची. तिने पाच वर्षांत फेडले. मला त्या हजार डॉलरांपेक्षा ती पर्सच जास्त आठवते. मी पण लग्नघरांतून तुझ्यासाठी रुमालात लाडू बांधून आणायचे, आठवतं? तू त्याचीही नक्कल करशील एक दिवस. कर, पण रुमाल निळ्या चौकटींचा घे.

आणि एक कामाची गोष्ट, पटकन सांगते. सीबीएस वाहिनीबरोबरच्या तिच्या दहा वर्षांच्या करारात एक कलम होतं. पहिल्या पाच वर्षांत तिने मागितलं तर तासाभराचे तीस व्हरायटी शो, म्हणजे गाणी, नाच, विनोद सगळं असलेले कार्यक्रम, वाहिनीने द्यायचेच. पाच वर्षं संपायला आठवडा उरला असताना तिने फोन केला. तिकडचे साहेब म्हणाले, व्हरायटी हे पुरुषांचं काम, तुझ्यासाठी आमच्याकडे एक छान घरगुती मालिका आहे. ती कलम सोडून हलली नाही. ११ सप्टेंबर १९६७ ला सुरू झालेला तो शो २९ मार्च १९७८ पर्यंत चालला, टीव्हीचे मोठे पुरस्कार असतात ते एमी, ते पंचवीस मिळाले. गेल्या महिन्यात तू न वाचता सही केलीस आणि अजून एक रुपया हातात आलेला नाही. पुढचा कागद बाबांना दाखवल्याशिवाय पेन उघडायचं नाही.

आता टोचण्याचं सांगते. ही बाई दुसऱ्यांची सोंगं घ्यायची, तेव्हा त्यांना काय वाटायचं, हे मी बाबांना मुद्दाम शोधायला लावलं. ग्लोरिया स्वॉन्सन नावाच्या जुन्या नटीच्या गाजलेल्या भूमिकेचं हिने सोंग केलं, तर तिने आवडल्याचं पत्र पाठवलं आणि पुढे शोमध्ये पाहुणी म्हणूनही आली. जोन क्रॉफर्डची गोष्ट निराळी. तिच्या एका सिनेमाची उडवलेली टर तिला फार आवडली, दुसऱ्या सिनेमाची मात्र मनाला लागली. नक्कल करणारी तीच, जिची केली तीही तीच. बाबा म्हणाले, असं कसं? मी म्हटलं, मला दोन्ही कळतं.

त्यानंतर आम्ही तिच्याच शोमधल्या 'द फॅमिली' या प्रहसनाचे भाग पाहिले. त्यातली युनिस म्हणजे सदा भांडणारी, सदा दुखावलेली लेक. लिहिणाऱ्यांना कॅरलने तिची आई व्हायला हवं होतं. हिने वाचलं आणि म्हणाली, मी युनिस करणार, कारण युनिसमध्ये तिला स्वतःची आई दिसली. मग म्हातारी केली विकी लॉरेन्सने, हिच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान! पहिल्या वाचनाला हिने टेक्सासचा, आपल्या माणसांचा हेल लावला, तर लिहिणारे बिथरले, कारण त्यांनी आपल्या घरची माणसं मनात धरून लिहिलं होतं. एकदा तालमीत सगळ्यांनी ते हेल न काढता, विनोद न करता नुसतं सरळ बोलून पाहिलं. कुणाला हसू आलं नाही, पोटात कालवलं. वरचं हसू काढून घेतलं, तरी खाली अस्तर होतं.

तू माझ्या टाचण्या घेतल्यास, सई. अस्तर राहिलं.

तुझ्या व्हिडिओत टाचण्या पहिल्यापासून तोंडात आहेत. गिऱ्हाईक पैसे कमी करायला सांगतं, मी "हुं हुं" करते, ते वैतागतं, लोक हसतात. बरोबरच आहे, तुला तेवढंच दिसलं असणार. तू सात वर्षांची होतीस, कापणीच्या टेबलाखाली चिंध्यांच्या बाहुल्या करत बसायचीस. बाबांची कंपनी बंद पडली होती, ते दोन वर्षं घरी होते. बायका फॉल लावायला यायच्या आणि मी खाली बसून काठ पाहत असताना वरून विचारायच्या, "हल्ली साहेब घरीच दिसतात?" आतल्या खोलीत बाबा पेपर वाचत असायचे. मधे फक्त एक पडदा, आणि पानाचा आवाज थांबलेला मला ऐकू यायचा. खोटं बोलायचं नव्हतं, खरं सांगायचं नव्हतं, आणि गिऱ्हाईकही तोडायचं नव्हतं. मग मी उशीतून टाचण्या काढायचे, एक, दोन, चार, आणि ओठांत धरायचे. टाचण्या तोंडात असलेल्या बाईला कुणी पुन्हा विचारत नाही. पुढे बाबांना काम लागलं, प्रश्न संपले, टाचण्या तेवढ्या राहून गेल्या.

व्हिडिओ काढू नकोस. काढलास तर मला जास्त वाईट वाटेल, आणि शेजारच्या चौघींना अजून दाखवायचा राहिलाय. पण पुन्हा करशील तेव्हा एवढं बघ. आधी प्रश्न येऊ दे. मग गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे नाही, पडद्याकडे बघ. मग टाचण्या. घाई न करता, एकेक. हसणारे हसतीलच, त्याची काळजी नको.

बाबांची तक्रार आहे की त्यांची नक्कल तू कधीच करत नाहीस. करू नकोस, डोक्यावर बसतील.

तू माझा जुना ब्लाउज मागितला होतास, पण तो काखेत विरलाय. त्याच मापाचा नवा शिवलाय, तोच विटका जांभळा रंग सापडला पोवई नाक्यावर. शनिवारी एसटीने निघणाऱ्या कुणाबरोबर पाठवते. घातल्यावर खांद्याला दोन बोटं ढिला वाटेल. चुकून राहिलेला नाही, मुद्दाम सोडलाय. आत घेऊ नकोस.

तुझी,
आई