विषयावरून नको, धोक्यावरून विभागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हौशी इलेक्ट्रॉनिक्स मंडळांच्या रविवारच्या बैठकांचे आता विषयवार विभाग पाडावेत, अशी मागणी करणारे पत्र आपल्या दैनिकात वाचले. ऑडिओ, रेडिओ, मायक्रोकंट्रोलर (म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी चिप), रोबोट, वीजपुरवठा आणि दुरुस्ती असे सहा गट, प्रत्येकाचे टेबल वेगळे, आणि ज्याचा प्रश्न ज्या विषयाचा त्याने त्याच टेबलाशी जायचे, अशी ती योजना. पत्रलेखकाची तक्रार खोटी नाही. जुन्या काचेच्या नळ्यांच्या म्हणजे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा आवाज ट्रान्झिस्टरपेक्षा गोड असतो की नाही यावर चार काका हमरीतुमरीवर आलेले असताना सातवीतल्या मुलीने ‘माझा एलईडी का जळतो’ हे विचारायचे कसे? तरीही ही वाटणी मला पटत नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बिघाड दिसतो एकीकडे आणि असतो बहुधा दुसरीकडेच.

आमच्या बैठकीला पुरंदर तालुक्यातला एक तरुण शेतकरी यायचा. विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारा स्टार्टर तो स्वतः बनवत होता. शेतीची वीज रात्री-अपरात्री येते, तेव्हा बॅटरी घेऊन विहिरीवर कोण जाणार? असे स्टार्टर बाजारात तयार मिळतात, पण याला हाताने करायची हौस. सिम८००एल हे टू-जी मोबाईल नेटवर्कशी जोडणारे छोटे जीएसएम मॉड्यूल त्याने अर्दुइनो या तयार मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडले होते. दिवा लुकलुकायचा, आता नेटवर्क सापडणार असे वाटायचे आणि नेमके तेव्हाच मॉड्यूल बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. त्याने सिम कार्ड बदलले, प्रोग्रॅम नव्याने लिहिला. फरक शून्य. विषयवार टेबले असती तर तो मायक्रोकंट्रोलरवाल्यांत बसला असता आणि त्यांनी त्याला आणखी एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, टाकून बघायला सांगितले असते.

उत्तर दिले ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या एका काकांनी. या काकांना प्रोग्रॅमची एक ओळ लिहिता येत नाही. जुना मोबाईल स्पीकरजवळ ठेवला की घंटी वाजण्याआधी ‘टर्र टर्र’ असा आवाज यायचा, तो बऱ्याच वाचकांना आठवत असेल. टू-जी फोन सलग प्रक्षेपण करत नाही, सेकंदाला सुमारे २१७ ठोके देत करतो. ते ठोके ॲम्प्लिफायरच्या वायरींत शिरतात आणि आपल्याला ऐकू येतात. काकांचे त्या आवाजाशी जुने वैर! त्यामुळे मॉड्यूल नेटवर्क शोधताना मान टाकते म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘अरे, ठोक्याच्या क्षणी हा करंट किती खातो?’ माहितीपत्रकात लिहिलेलेच होते, दोन अँपिअरपर्यंत. आणि पुरवठा चालला होता ब्रेडबोर्डवरच्या, म्हणजे सोल्डरिंगशिवाय जोडणी करायच्या पट्टीवरच्या, बारीक जम्पर वायरींतून. या मॉड्यूलला किमान ३.४ व्होल्ट लागतात, ठोक्यासरशी व्होल्टेज त्याच्याही खाली कोसळत होते. जाड वायर घातली, पुरवठा वेगळा केला, मॉड्यूलच्या पायांशी ठोक्यापुरती वीज साठवून ठेवणारा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. प्रोग्रॅमला हातही लावावा लागला नाही. पुढे रिले (विजेच्या कॉइलवर चालणारा स्विच) सुटताना अर्दुइनो गोठू लागला, तेव्हा त्या कॉइलवर १एन४००७ हा, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा, डायोड उलटा लावायला सांगणारा गृहस्थ टीव्ही दुरुस्त करणारा होता.

हा प्रश्न सहापैकी कोणत्या टेबलाचा होता? ते आधीच माहीत असते तर त्या पोराला विचारायची गरजच पडली नसती.

रेडिओचेही तसेच. मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला पुणे केंद्र लावायला जावे आणि नुसती खरखर यावी, तर दोष रेडिओतच असेल असे नाही. खोलीतला स्वस्तातला एलईडी बल्ब किंवा फिल्टर नसलेला चार्जर बंद करून बघा.

विभाग कुठे उपयोगी पडतात तेही सांगतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुणी ट्रान्सफॉर्मरवाला, कुणी कनेक्टरवाला, तर कुणी नुसत्या वायरी विकणारा. तिथे गिऱ्हाईक यादी घेऊन येते, त्याला काय हवे ते ठाऊक असते. मंडळात येणाऱ्याकडे यादी नसते. त्याच्या हातात एक न चालणारी वस्तू असते, एवढेच. शिवाय हजारोंच्या जमावाला खाने पाडणे भागच असेल, पण आमच्यासारख्या चाळीस-पन्नास डोक्यांच्या मंडळात सहा टेबले मांडली तर त्यातली तीन ओस पडतील. रेडिओची खरी जाण असलेला माणूस मंडळात एखादाच असतो. त्याला कोपऱ्यात नेऊन बसवायचे आणि बाकीच्यांना त्याच्यावाचून ठेवायचे, यात फायदा कोणाचा?

वेगळे काढायचेच असेल तर धोक्यावरून काढा. पाच-बारा व्होल्टवर खेळणारा आणि थेट २३० व्होल्टला हात घालणारा या दोघांची टेबले एक असू नयेत. ट्रान्सफॉर्मर वाचवायचा म्हणून नुसता कपॅसिटर घालून मेन्सवरून, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टवरून, व्होल्टेज उतरवणारे सर्किट नवशिक्यांना फार आवडते, कारण ते स्वस्त पडते. त्यात अख्ख्या सर्किटला मेन्स भिडलेली असते, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. मायक्रोवेव्ह ओव्हनचा उच्च दाबाचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा ठरू शकतो. लिथियम सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज केला तर पेटू शकतो. अशा कामांसाठी वेगळे टेबल हवे, त्याला स्वतंत्र स्विच हवा आणि जाणत्या माणसाची नजर हवी. आमच्या शेतकऱ्याचा स्टार्टरही तीन फेजच्या मोटरला जोडायची वेळ आली तेव्हा याच टेबलावर जायला हवा होता. आमच्याकडे असे टेबल नाही, आणि विभागांच्या वादात त्याचे नावही कुणी काढत नाही. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संभाषणाचा, ट्रान्समीटरही वेगळा ठेवावा लागेल, पण तो कायद्यामुळे. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घेतल्याशिवाय त्यावरून बोलता येत नाही. ऐकायला मात्र सगळ्यांनी बसावे.

राहिली ती सातवीतली मुलगी. २०१६ पासून शाळांत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे हाताने वस्तू बनवून शिकायच्या सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळा, सुरू झाल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेमागे २० लाखांपर्यंतचे अनुदान, त्यामुळे सेन्सर आणि मोटर हाताळलेली मुले आता मंडळांतही येऊ लागली आहेत. अर्दुइनो मुळात २००५ साली इटलीत डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी तयार झाला, तेव्हा ओहमचा नियम शिकण्याआधी प्रोग्रॅम लिहिणारी पिढी येणारच होती. या मुलांना वेगळ्या विभागात बसवले तर एलईडी जळू नये म्हणून त्याच्याआधी करंट आवरणारा रेझिस्टर लावायला त्यांना सांगणार कोण? त्यांच्यासाठी बैठकीचा पहिला अर्धा तास राखून ठेवा. त्या वेळात प्रश्न फक्त नव्यांनी विचारायचे आणि जुन्यांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. (दुसरी अट पाळणे आमच्या काही सभासदांना २३० व्होल्टपेक्षा जड जाईल.)

आमच्या मंडळातही असाच ठराव येऊ घातला आहे. तो मांडणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. मंडळाच्या नोंदवहीत गेल्या वर्षीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे उतरवलेली आहेत. प्रत्येक प्रश्नापुढे दोन रकाने आखा. विचारणारा कोणत्या टेबलाशी गेला असता ते पहिल्यात लिहा, उत्तर देणारा कोणत्या टेबलाशी बसलेला असता ते दुसऱ्यात. ती वही बैठकीत सगळ्यांपुढे ठेवा आणि मग मतदान घ्या.

आपला,
एक हौशी वाचक, पुणे