शिवण-विणकाम हौसेने शिकणाऱ्यांनाही जागा हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की आमच्या निफाडकडे घरोघरी पेट्यांतले स्वेटर बाहेर निघतात. यंदा आमच्या पेटीवर एक नवा मफलर आहे, आणि तो मी स्वतः विणलेला आहे. वयाच्या ४८व्या वर्षी, नोकरी सांभाळून, गेले वर्षभर मी शिवणकाम आणि विणकाम शिकते आहे. त्यातून मिळणारे समाधान फार मोठे आहे; परंतु केवळ हौसेने शिकू पाहणाऱ्या माणसाला त्यासाठी गावात जागा नाही, याकडे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुरुवातीला मी एका शिवणवर्गात नाव घातले होते. तिथे पहिले दोन महिने झबल्याचे आणि ब्लाउजचे कटिंग कागदावर करून वहीत चिकटवायचे होते. ज्यांना पुढे या कामावर संसार चालवायचा आहे, त्यांच्यासाठी तो क्रम योग्यच आहे, कारण हात बसल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या कापडाला कात्री लावता येत नाही. परंतु दिवसभराचे काम उरकून येणाऱ्या बाईचा जीव कागदी बाह्यांत किती दिवस रमणार? महिनाभराने मी वर्ग सोडला आणि सासूबाईंचे पायमशीन माळ्यावरून खाली काढले.

पहिली वस्तू शिवली ती जुन्या चादरीची बाजाराची पिशवी. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आल्यापासून घरात कापडी पिशव्या कधीच पुरत नाहीत. काम चार सरळ शिवणींचे आणि दोन बंदांचे, पण कापड उलटून पाहिले तर खालच्या बाजूला दोऱ्याचा नुसता गुंता. गुंता खाली आहे, म्हणजे दोष खालचा दोरा गुंडाळलेल्या बॉबिनचाच, असे धरून मी तासभर बॉबिनकेसचा स्क्रू फिरवत बसले. शेजारच्या काकूंनी येऊन मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचलला, वरचा दोरा काढून तो ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमधून पुन्हा ओवला आणि टीप सरळ पडू लागली. फूट खाली असताना त्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात नीट बसत नाही आणि वरचा दोरा सैल राहिल्यामुळे खाली फासे पडतात, हे त्यांनी मला फूट वर-खाली करून दाखवले. दुसऱ्याच दिवशी त्या पिशवीतून कांदे आणले, तेव्हा झालेला आनंद मला शब्दांत मांडता येत नाही.

शिवणीसाठी कडेला सोडलेल्या जादा कापडाला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. आईच्या तोंडून हा शब्द लहानपणापासून ऐकलेला होता. पण माया न ठेवता अभ्रा कापला आणि उशी आत जाईना, तेव्हा त्याचा अर्थ हाताला कळला.

विणकामाची सुरुवात सुयांच्या नंबरांपासूनच करावी लागते. विणायच्या सुयांच्या जुन्या मापात ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, तर १० नंबरची सव्वातीन. मशीनच्या सुयांत याच्या उलट १४ पेक्षा १६ नंबरची सुई जाड. मफलर मी आधी एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट असा विणला होता. वीतभर होताच तो दोन्ही कडांनी वळून नळीसारखा झाला. सुलट आणि उलट ही एकाच टाक्याची पुढची आणि मागची बाजू आहे. एका अंगाला सगळे सुलट आणि दुसऱ्या अंगाला सगळे उलट टाके आले की विणीचा तोल राहत नाही आणि कडा वळतात. सगळे उसवून दोन सुलट, दोन उलट अशी वीण घातली, ती सपाट बसली.

शिवणवर्ग चालवणाऱ्या भगिनींना माझी विनंती आहे की, त्यांनी नेहमीच्या अभ्यासक्रमाशेजारी महिनाभराची एक लहान तुकडी ठेवावी आणि तिथे पहिल्याच दिवशी एखादी पुरी वस्तू शिवून घरी नेऊ द्यावी. अशा तुकडीत पुरुषांनाही प्रवेश असावा. गावातले जुने शिंपी बहुतेक पुरुषच असताना वर्गाच्या पाटीवर ‘फक्त महिलांसाठी’ असे का लिहावे? माझ्या भाच्याला शिकायचे आहे आणि त्याला कोणी घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्याहून सोपा मार्ग सार्वजनिक वाचनालयांचा आहे. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान मिळालेली वाचनालये गावोगावी आहेत, आणि ज्यांच्याकडे सभागृह आहे तिथे रविवारची दुपार बहुधा मोकळी असते. वाचनालयाच्या संचालकांनी तेवढे दोन तास शिकाऊ मंडळींना द्यावेत. आमच्या गावात अशी जागा मिळाली, तर माझे पायमशीन मी तिथे नेऊन ठेवीन. काकूंनीही दर रविवारी येण्याचे कबूल केले आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक, निफाड (जि. नाशिक)