मुक्कामी गाडीच्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

तुमच्याकडे बटणांचा फोन, म्हणून हे पत्र तुमच्या नातीने तुम्हाला वाचून दाखवावं अशी तिला विनंती. चारचौघांत लिहिते आहे त्याला कारण आहे. माझा मावसभाऊ गेल्या महिन्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहायला आला. पहिल्याच आठवड्यात फोनवर अभिमानाने म्हणाला, "ताई, रोज पंधरा तास होतात." मला त्या रात्री झोप लागली नाही. त्याच्यासारखे पेठांमध्ये हजारो आहेत आणि प्रत्येकाच्या अभ्यासिकेत चाव्या आणि हजेरी सांभाळणारे तुम्ही नाही.

मी जून २०१८मध्ये कळंब तालुक्यातून पुण्यात आले. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग एप्रिल २०२०ची एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे ढकलत ढकलत १४ मार्च २०२१वर आली आणि तीही तीन दिवस आधी पुढे गेली. ११ मार्चला नवी पेठेत रस्त्यावर बसलेल्या मुलांमध्ये मीही होते. शेवटी २१ तारखेला पेपर झाला. त्याच वर्षी मुख्य परीक्षा पास होऊन मुलाखतीची वाट बघणारा एक मुलगा आपण गमावला. त्या संध्याकाळी तुम्ही अभ्यासिकेचे सगळे दिवे लावून दारातच बसून राहिला होतात. प्रत्येकाला जाताना विचारत होतात, "जेवलास का? जेवलीस का?"

लोक म्हणतात, पोरं जास्त अभ्यासाने थकतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. शेतकऱ्याच्या घरात दिवसभर राबणं नवीन नाही. पण पेरलं की आठवड्याभरात कोंब दिसतो. आमच्याकडे जाहिरात कधी, तारीख कोणती, जागा किती, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. हातात उरतात ते फक्त तास. म्हणून आम्ही तास मोजतो, आणि भीती वाढली की आणखी तास घालतो. मी तेच केलं. २०२२च्या उन्हाळ्यात पहाटे ५.४० ते रात्री ११.५०, जागा क्रमांक ४१.

त्या दिवसांत माझं काय चाललं होतं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईचा फोन आला की चिडायचे. शेजारच्या मुलीने पेन मागितलं तरी राग यायचा. जिच्यासोबत तीन वर्षं चहा प्यायले ती मैत्रीण एएसओ, म्हणजे सहायक कक्ष अधिकारी झाली, तेव्हा मला ना आनंद झाला ना वाईट वाटलं. काहीच वाटलं नाही. त्याचीच आता सर्वात जास्त भीती वाटते. टेस्ट सिरीजमध्ये मार्क घसरत होते, आणि घसरले की मी झोपेतला अर्धा तास कापत होते. रूमवर परत गेले की डोळे टक्क उघडे. बाहेरून बघणाऱ्याला मात्र मी सगळ्यांत कष्टाळू मुलगी दिसत होते.

तुम्हाला तसं दिसलं नाही. तुम्ही रात्रीची फेरी मारताना माझ्या टेबलाशी थांबलात आणि हळूच म्हणालात, "पोरी, तीन दिवस झाले, राज्यपालाचं हेच पान उघडं आहे."

मी काय बोलले ते तुम्ही विसरला असाल. मी विसरलेले नाही. "काका, तुम्ही चाव्या सांभाळा, माझा अभ्यास मी बघते." खोलीत बाकीची मुलं होती. तुम्ही मान हलवून पुढे गेलात. त्या शब्दांची माफी मी नंतर मागितली होती, आज सगळ्यांसमोर पुन्हा मागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला रागावला नाहीत. हजेरीचं रजिस्टर माझ्यासमोर ठेवलंत आणि बोटाने ओळी दाखवत गेलात. सलग सव्वीस दिवस, एकही सुट्टी नाही, आणि रोज सही आधीपेक्षा वाकडी होत गेलेली. मग एसटीतली गोष्ट सांगितलीत. एकतीस वर्षं स्टिअरिंग हातात. एका रात्री खंबाटकीचा घाट चढताना डोळे उघडे होते पण रस्ता दिसत नव्हता, आणि मागचं वळण कधी घेतलं ते आठवेना. तुम्ही गाडी कडेला घेतली. खाली उतरलात, तोंडावर पाणी मारलंत, वीस मिनिटं गाडीभोवती फेऱ्या मारल्यात. प्रवासी आरडाओरडा करत होते. "शिव्या खाल्ल्या, पण चाळीस माणसं घरी पोचवली," एवढंच म्हणालात. आणि मग, "डोळे उघडे म्हणजे जागं असं नसतं. तुझं आत्ता तसं चाललंय."

तुम्ही आणखी एक सांगितलंत, की ड्रायव्हरला पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती द्यावीच लागते, तसा कायदाच आहे. मी जाऊन बघितलं. तेव्हा लागू असलेला मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१. दिवसाचे तास आठ, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. कायदे पाठ करणाऱ्या मला तोवर कधी वाटलंच नव्हतं की थांबणं हा कामाचाच भाग म्हणून कुणीतरी लिहून ठेवला असेल.

तुमच्या आग्रहाने मी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४. मेसला जायला वेळ जातो म्हणून दुपारी चहा-बिस्किटांवर काढत होते, त्याचा तो हिशोब. मग त्यांनी मला बर्नआउट म्हणजे काय ते समजावलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये आजारांच्या आपल्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याचं वर्णन केलंय, पण आजार म्हणून नाही. कामाचा ताण फार काळ न आवरल्याने येणारी अवस्था म्हणून. तिची तीन लक्षणं: अंगातली शक्ती संपून जाणं, कामावरून मन उडणं किंवा त्याच्याशी तुटक होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. ते वर्णन नोकरीतल्या कामापुरतंच आहे. पण विद्यार्थ्यांमधला हाच थकवा मोजायला संशोधकांनी २००२मध्ये वेगळी प्रश्नावली केली होती. मला तर तिन्ही गोष्टी एकेक करून ओळखीच्या वाटल्या. मी आळशी झाले नव्हते, हे कळलं तेव्हा मी तिथेच रडले. डॉक्टरबाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली: विश्रांती घेऊनही कशातच मन रमलं नाही, जगू नये असं वाटायला लागलं, तर ते नैराश्य असू शकतं, त्याला उपचार लागतात, तेव्हा एक दिवसही थांबायचं नाही.

पूर्व परीक्षा २१ ऑगस्टला होती आणि तुम्ही मला जूनच्या शेवटी घरी जा म्हणत होता. मला ते वेडेपण वाटलं. तुम्ही माझ्यासमोर अण्णांना फोन लावलात. "पोरगी हरलेली नाही, दमलीय. पेरणीला बोलवून घ्या." अठरा दिवस मी सोयाबीनच्या शेतात होते. पहिले चार दिवस नुसती झोपले. पाचव्या दिवशी आईच्या हातची भाकरी खाताना ठेचा तिखट लागला, आणि कितीतरी महिन्यांनी जिभेला चव लागतेय असं जाणवलं. परत आले तर ४१ नंबरवर तुमचा टॉवेल टाकलेला. महिन्याचे दीड हजार तुम्ही मालकांना स्वतः भरले होते. मला ते दिवाळीत कळलं, तेही दुसऱ्याकडून.

त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी एक नियम केलात. रात्री नऊला दिवा बंद, आणि बाहेर पडताना रजिस्टरवर सही करायच्या आधी तुम्हाला त्या दिवशी वाचलेलं काहीतरी सांगायचं, पुस्तक न उघडता. पहिल्या दिवशी मला तीन वाक्यंसुद्धा सांगता आली नाहीत. दिवसभरात सत्तर पानं वाचली होती. विसरण्याचा वेग एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५मध्येच मोजून ठेवलाय, आणि नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगण्याने जास्त दिवस लक्षात राहतं हे २००६च्या एका प्रयोगात दिसलं. हे मी नंतर वाचलं. तुम्ही यातलं काही वाचलं नव्हतं. तुम्हाला फक्त ऐकायचं होतं. पंचायत राज सांगताना तुम्ही मध्येच तुमच्या गावच्या ग्रामसभेचा प्रश्न टाकायचात आणि माझं अडायचं. अडलं की दुसऱ्या दिवशी नेमकं तेवढंच वाचायचे. अभ्यासाचे तास आठवर आले आणि टेस्टचे मार्क चढले. रविवारी संध्याकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायच्या, वर बसून शेंगदाणे खायचे, परीक्षेचा विषय काढायचा नाही. हेही तुमचंच.

एकदा तुम्ही विचारलंत, "सातबारा म्हणजे सात आणि बारा, ते मला ठाऊक आहे. मग सहा कुठं गेला?" मला सांगता आलं नाही.

त्या ऑगस्टच्या यादीत माझं नाव आलं नाही. पण निकालाच्या रात्री मी जेवले आणि झोपले. वर्षभर आधी असा निकाल आला असता तर माझं काय झालं असतं, ते मनात आणवत नाही. २०२३मध्ये तलाठी भरतीचा पेपर दिला आणि पास झाले.

माझ्या भावासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी इथेच लिहिते. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपर आहेत, हाताने लिहायचे आहेत. नवीन पद्धत म्हणून सगळे घाबरलेत आणि घाबरून तास वाढवतायत. बाळा, एकच पान तीन दिवस उघडं राहिलं, मित्राच्या निकालाने काहीच वाटलं नाही, झोप कापूनही मार्क उतरले, तर आणखी एक तास घालू नकोस. जेव, रक्त तपासून घे, घरी जा. परीक्षा बुडेल ही भीती मला तुझ्याइतकीच होती. आणि मनात जगण्याबद्दलच वाईट विचार आले तर १४४१६ला फोन कर. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मला फोन कर. रात्री कितीही वाजता.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, बारा म्हणजे पीक कोणतं, आणि सहा म्हणजे फेरफार. जमिनीचा मालक बदलला की नोंद आधी सहामध्ये होते, ती मंजूर झाली की मग सातवर चढते. म्हणून लोकांच्या हातात सातबारा असतो आणि सहा सज्जावरच, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयातच राहतो. आता तो माझ्यासमोर संगणकावर असतो. सकाळपासून माणसं येतात, वारसनोंदी, बोजे, खरेदीखतं. दुपारी मी स्क्रीन बंद करते, डबा घेऊन बाहेर चिंचेखाली जाते आणि अर्धा तास तिथेच बसते. कुणी विचारलं तर सांगते, गाडी थांबली आहे, निघेल.

तुमची,
४१ नंबर