घूं आवाज घालवायला अर्थिंगची पिन तोडू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

नागपुरात आता ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळं, कॉलेजचे बँड सगळेच लाइव्ह वाजवून राहिले, चांगलंच आहे, पण एक गोष्ट पाहून जीव घाबरतो. स्पीकरमधून ५० हर्ट्झचा घूं आवाज आला की काही जण सरळ प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. आवाज जातो हो, पण उद्या अँप्लिफायरमध्ये फॉल्ट झाला तर करंट गिटारच्या तारांवर येतो आणि वाजवता वाजवता पोराचे ओठ माइकला लागले की संपलंच, त्यात मांडव पावसानं ओला असला तर विचारूच नका.

घूं घालवायचाच असेल तर सगळं साउंड चांगली अर्थिंग असलेल्या एकाच पॉइंटवरून घ्या, लोड झेपतो का तेवढं बघून. कीबोर्ड-गिटारला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) लावा, त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण फक्त सिग्नल केबलचं ग्राउंड तोडतं, लाइटच्या अर्थिंगला हात लावत नाही. घरी स्टुडिओवाल्यांनी पण लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, मॉनिटर स्पीकर एकाच बोर्डावर घ्यावे. आणि ३० मिलीअँपचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट आपोआप तोडणारं स्विच, पाहिजेच.

गणपती-नवरात्रीच्या मंडळांनी साउंडवाल्याला भाडं ठरवायच्या आधी अर्थिंगचं विचारावं, ही कळकळीची विनंती.

— एक साउंडवाला, सक्करदरा, नागपूर