चिखल, चापट आणि जिलेबी

कराड,
रविवार दुपार

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू खो खो हसलास आणि म्हणालास, "एका चापटीनं पोरगं मरत नाही रे. आपण काय कमी मार खाल्लाय? काय बिघडलं आपलं?" ही शेजारीच बसली होती, म्हणून विषय बदलला. पण ते डोक्यातून जाईना, तेव्हा कागद घेतला. तुला याआधीचं पत्र मी बहुतेक हॉस्टेलवरून पैसे मागायला लिहिलं होतं. यावेळी मागणी नाही, घाबरू नकोस.

झालं असं. बुधवारी पाऊस जरा उघडला आणि शाळा सुटल्यावर चिरंजीव मैदानातल्या चिखलात मनसोक्त घसरून आले. पीटीचा वार, म्हणजे वरपासून खालपर्यंत पांढरे कपडे. दारात उभा राहिला, पायाखाली काळ्या पाण्याचं थारोळं, आणि मला म्हणतो कसा, "बाबा, दाग अच्छे हैं!" माझा हात कधी सुटला मलाच कळलं नाही. त्याच्या तोंडावरचं हसू अजून मावळलं नव्हतं आणि डोळे भरून आले होते. दोन्ही एकदम दिसलं, आणि तेच अजून दिसतंय.

वाक्य तुमच्या जाहिरातीच्या धंद्यातलं, म्हणून तुझ्याशी भांडण. ती 2005 ची सर्फ एक्सेलची जाहिरात त्यानं मोबाइलवर पाहिलीय. बहीण चिखलात पडते, भाऊ त्या चिखलालाच बुक्क्या घालतो आणि शेवटी सांगतो, चिखल सॉरी म्हणतोय. मलाही आवडते ती, खोटं कशाला बोलू. पण जरा बघ, त्या मालिकेतलं पोर मळतं ते बहुधा कुणासाठी तरी. मळण्यामागे काहीतरी पुण्यकर्म असावं लागतं, मग आईला हसायला मोकळीक. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. "का लोळलास?" म्हणून विचारलं तर हुंदके देत म्हणाला, "घसरत होतं." बस. यावर जाहिरात कशी काढणार तुम्ही?

आणि त्या आयांना राग कसा येत नाही रे? याच सर्फच्या जुन्या जाहिरातीतली ललिताजी आठव. पैशापैशाचा हिशोब मांडणारी बाई. तिच्या दारात असं पोर उभं राहिलं असतं तर तिनं आधी भुवई वर केली असती. आता आईचं काम फक्त कौतुकानं बघण्याचं. बरोबरच आहे, ती चिडली तर पावडर खपायची कशी!

आमची ललिताजी मात्र एकच वाक्य बोलली. "मारलंस ना? आता धू."

धुतले. आपली काळी माती, तुला माहीत आहे, पाण्यात निघाल्यासारखी वाटते आणि वाळली की पिवळट डाग ठेवून जाते. आधी नुसत्या पाण्यानं चिखल काढला, मग भिजत घातले, मग ब्रश. कॉलर, बाह्यांची टोकं, पँटीचे गुडघे. बूड तर विचारूच नकोस. शेवटी नीळ. तास गेला, कंबर धरली. तिसऱ्यांदा पाणी बदलताना लक्षात आलं, की मी चिडलो होतो ते कपड्यांवरून, आणि ते कपडे आजवर मी एकदाही धुतलेले नाहीत.

शाळेत त्याच्या बाईंनी हात उचलला असता तर मी मुख्याध्यापकांकडे धावलो असतो, 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं 17 वं कलम नाचवत. घरात मला कोण विचारणार? तुमच्यावरही कलमं आहेतच. 2022 पासून जाहिरातीत पोरांना थेट "आईबाबांकडे हट्ट करा" असं सांगता येत नाही. हट्ट केला की काय मिळतं, हे दाखवायला तुमचं कोण अडवतंय!

आता तुझं "काय बिघडलं". धारा तेलाची ती जिलेबीची जाहिरात आठवते? तो घर सोडून निघालेला, रुसलेला चिमुरडा, स्टेशनवर भेटणारे रामूकाका, घरी जिलेबी केलीय म्हटल्यावर विरघळणारा. आपण चौथी-पाचवीत असू. काकूंनी फुंकणीनं बडवलं, त्या दिवशी तूही दप्तर घेऊन एसटी स्टँडवर जाऊन बसलास. कोल्हापूरच्या फलाटावर. मला वर ऐटीत म्हणालास, "बघ, कुणीतरी येईल न्यायला." जिलेबीची वाट बघत होतास तू, लेका. मी दोन तास तुझ्याशेजारी शेंगा खात बसलो. अंधार पडल्यावर तुझे वडील, अण्णा, सायकल घेऊन आले. ओरडले नाहीत, मारलं नाही, एक शब्द नाही. कॅरिअरकडे बोट केलं, तू बसलास. त्यांच्या पाठीला हात लागू नये म्हणून सीटखालचा दांडा धरून बसला होतास, ते मी बघितलंय.

अण्णा पंचाहत्तरीला आले. अजून तू त्यांच्याशी काकूंमार्फतच बोलतोस.

त्या रात्री घरी गेल्यावर काय झालं, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा सांग. शर्टावरचा डाग पूर्ण निघाला नाही. चिरंजीव तोच घालून शाळेत जातात आणि "बाबांनी धुतलाय" म्हणून पोरांना दाखवतात.

तुझाच,
बाळ्या