माझ्याकडे पाठ करून बसलेल्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर सरताना माझी सतार तुमच्याकडे दुरुस्तीला आली होती. तुमच्याकडे वाद्यं रोज येतात आणि रोज जातात, त्यामुळे माझी तुमच्या लक्षात असेलच असं नाही. खूण सांगायची तर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारांनी खोल चरे पाडले होते, तरफांना, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारांना, गंज चढला होता आणि दांडीवरचे मधले दोन पडदे दोरा सैल होऊन खाली घसरले होते. तुम्ही तुमचं काम केलंत, पैसे घेतलेत, व्यवहार पुरा झाला. पण त्या दिवशी तुम्ही आणखी एक गोष्ट केलीत. ती बिलात नव्हती, आणि ती केली असं तुम्हाला वाटतही नसेल. हे पत्र तिच्याबद्दल आहे.

त्याआधी थोडं इतरांबद्दल बोलते, म्हणजे तुम्ही काय केलंत ते नीट सांगता येईल.

घरातलं लांबलेलं आजारपण आणि नोकरी यांच्यात सतार मागे पडली आणि वर्षं गेली. नवं वर्ष आलं की वाटायचं, यंदा रियाज पुन्हा सुरू करू. मग मी कुणाकडे तरी विचारायला जायचे. एका क्लासात सांगितलं, ‘रोज दोन तास बसणार असाल तर या, नाहीतर उगाच दुसऱ्याची जागा अडते.’ एका जाणकारांनी माझं वाजवणं ऐकायचं कबूल केलं. ते समोर बसले, हाताची घडी घातली आणि माझ्या डाव्या हातावर नजर रोखून राहिले. आलाप जेमतेम सुरू झाला होता, तेवढ्यात म्हणाले, ‘हात गेलाय तुमचा.’ एका दुरुस्तीवाल्याने सतार उलटीसुलटी करून पाहिली आणि दिवाणखान्यात शोभून दिसेल म्हणाला. यांच्यापैकी कुणाला माझं वाईट करायचं होतं असं मी म्हणत नाही. पण मला त्यांचा राग आला आणि अजून आहे. परत यायला निघालेल्या माणसाची उंबऱ्यावरच परीक्षा घेऊन कुणाचं भलं होतं? संगीताचं तर नक्कीच होत नाही.

शिवाय थोरामोठ्यांच्या गोष्टी ऐकवल्या जायच्या. बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले तेव्हा त्यांनी बासरी उजवीकडून डावीकडे घेतली आणि सगळं नव्याने बसवलं. ही गोष्ट मला किती जणांनी सांगितली असेल! सांगणाऱ्याचा रोख ठरलेला असायचा: बघा, याला म्हणतात निष्ठा, तुमच्याने काय होणार. मी त्या गोष्टीपुढे आजही हात जोडते. पण मला ती वेगळी ऐकू येते. चौरसिया तेव्हा नवशिके नव्हते, बासरीवर पोट भरत होते. एवढं येत असलेला माणूस दुसऱ्या हाताने, अडखळत, पहिल्या सुरापासून सुरुवात करायला तयार झाला आणि गुरूने त्याला ते करू दिलं. मोठ्या वयात पुन्हा आरंभ करणाऱ्याला धीर देणारी याहून चांगली गोष्ट कुठली सापडणार? तीच माझ्यावर काठीसारखी उगारली गेली.

दहा हजार तास रियाज केल्याशिवाय कुणी तयार होत नाही, या म्हणण्याचंही तसंच. हा आकडा तुम्हीही ऐकला असेल, हल्ली जो तो तोंडावर फेकतो. तो मूळचा 1993 सालचा. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. त्यातल्या सर्वांत चांगल्या गटाने विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या रियाजाची ती सरासरी. लहानपणापासून त्याच वाटेवर असलेल्या मुलांचा तो आकडा, दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी सतार काढणाऱ्या बाईला लावण्यासाठी नव्हे. आणि त्याच अभ्यासातला दुसरा भाग कुणी सांगत नाही. ही मुलं रियाज तुकड्यातुकड्याने करत, मध्ये विश्रांती घेत, दुपारी झोपतही. आकडा तेवढा राहिला आणि झोप गळाली.

आता त्या दिवसाकडे येते.

तुम्ही तारा नव्या घातल्या होत्या, घोडीचा माथा घासून जवारी काढली होती, पडदे बांधले होते. सतार लावून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, ‘वाजवून बघा.’ मी ती मांडीवर घेतली, तार छेडायची नखी बोटात सरकवली आणि तिथेच थांबले. समोर तुम्ही होतात. आयुष्यभर चांगल्या हातांचं वाजवणं ऐकलेला माणूस, आणि मी त्याच्यासमोर काय वाजवणार! बाजाच्या, म्हणजे मुख्य तारेवर बोट ठेवलं, पण पुढे काही होईना.

तुम्ही ‘वाजवा हो, घाबरू नका’ म्हणाला नाहीत. लोक असं म्हणतात आणि त्याने भीती वाढते, कारण आपण घाबरलोय हे समोरच्याला दिसलंय हे कळतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. बैठक फिरवलीत, माझ्याकडे पाठ केलीत, एका तंबोऱ्याची घोडी उचललीत आणि कानशीने घासायला लागलात.

बस, एवढंच.

पण त्या घासण्याबद्दल मला सांगायलाच हवं. तो आवाज एका लयीत चालला होता. मी सा लावला, रे लावला, गंधारावर बोट पडद्याच्या मागे पडलं आणि सूर फाटला. कानस थांबली नाही. पुन्हा लावला, पुन्हा चुकला. कानस तशीच चालू होती. तुम्हाला सगळं ऐकू येत होतं याबद्दल मला शंका नाही, तुमच्यासारख्या कानाला फाटलेला गंधार टोचल्याशिवाय राहत नाही. तरी तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही, मान हलली नाही, सुस्कारा सुटला नाही. त्या खोलीत माझ्या चुकीला काही किंमतच नव्हती. किती वर्षांनी मी असं वाजवत होते! दा रा दा रा, एकाच तारेवर, नुसते सरळ सूर, वर जाऊन खाली येणारे. चौथ्यापाचव्या वेळी गंधार स्वच्छ वाजला आणि माझे डोळे भरून आले. तुमची पाठ होती म्हणून मला ते पुसताही आले.

बोटं झोंबू लागली तशी मी थांबले. तेव्हा तुम्ही मागे न वळताच म्हणालात, ‘रोज एवढंच. बोट दुखायच्या आत थांबायचं. तरफा रविवारी लावा, रोज त्यांच्या नादी लागू नका.’

या तीन वाक्यांत माझ्या कितीतरी जानेवारींचं उत्तर होतं. सतारीची तार पोलादी असते. वाजवणं बंद झालं की तर्जनीवरचा आणि मधल्या बोटावरचा घट्टा जातो, कातडी मऊ पडते. नव्या वर्षाच्या उत्साहात पहिल्याच दिवशी तासभर बसलं, त्यात मींड ओढली, म्हणजे तार बाजूला खेचून सूर चढवला, की बोट कापतं. मग ते बरं होईपर्यंत हात लावता येत नाही, आणि त्या सक्तीच्या सुट्टीत संकल्प संपतो. आपण म्हणतो माझ्यात चिकाटी नाही. चिकाटीचा काय संबंध, तिथे कातडीच शिल्लक नव्हती! कुठल्याही वाद्याला हे आपापल्या परीने लागू असावं. बासरीवाल्याचे ओठ थकतात, तबलजीचं मनगट भरून येतं. संकल्प करणारं मन एका रात्रीत तयार होतं, शरीराला आपला वेळ हवा असतो. हे मला कुठल्या क्लासात सांगितलं नाही.

तरफांचंही तेच. महिनोन् महिने न वाजलेल्या सतारीच्या अकरा-तेरा तरफा लावत बसायचं म्हणजे रियाजाचा सगळा जीव खुंट्यांतच जातो. वाजवायची वेळ येते तेव्हा कान आणि धीर दोन्ही संपलेले असतात. मी रोज बाज, जोड आणि चिकारी या वरच्या तारा तेवढ्या लावते. तरफा रविवारी.

तुमच्याकडून आल्यावर मी सतार गवसणीत भरून कपाटावर ठेवली नाही. ती माझ्या बसायच्या जागेजवळ भिंतीशी असते, अंगावर एक सुती कापड. घरच्यांना सांगून ठेवलंय की मी वाजवत असताना तुम्ही आपापली कामं करा, ऐकायला बसू नका, छान वाटलं तरी आत येऊन सांगू नका. आधी त्यांना हे विचित्र वाटलं. आता स्वयंपाकघरातली भांडी वाजत असतात, कुणी फोनवर बोलत असतं आणि मी सुरांचे पलटे घोटत असते. तुमच्या कानशीच्या आवाजाची जागा मी घरातल्या आवाजांना दिली आहे.

मधल्या काळात थोडं वाचलंही, कारण तुम्ही सांगितलेलं इतकं कसं लागू पडलं याचं मला कुतूहल होतं. सवयींबद्दल लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2010 सालचा एक अभ्यास आहे. नवी सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस, तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशेब त्यात निघाला. एवढी तफावत! एकवीस दिवसांत सवय लागते असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे वाचायला हवं. आणि मला सर्वांत आवडलं ते हे, की मधला एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं बिघडत नाही. मला पूर्वी कुणीतरी ऐकवलं होतं की एक खाडा झाला की आधीचं सगळं धुऊन जातं. खोटं होतं ते. माझे खाडे होतात. दुसऱ्या दिवशी मी परत बसते आणि आदल्या दिवसाची वसुली म्हणून जास्त वेळ वाजवत नाही.

दुसरं म्हणजे झोप. झोपेचे अभ्यासक मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2002 साली बोटांनी ठरावीक क्रमाने कीबोर्डची बटणं दाबायला लोकांना शिकवलं. रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काहीही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे वीस टक्क्यांनी वाढला होता. म्हणजे रात्री जो पलटा बोटांत बसत नाही, त्याच्याशी झटापट करत बसण्यापेक्षा सतार खाली ठेवून झोपावं हे बरं. मी तसं करते, आणि सकाळी तो पलटा पुष्कळदा माझ्याआधी उठलेला असतो.

पण खरं सांगू का, काका, हे वाचलं नसतं तरी मी वाजवलं असतं. तुमची ती पाठ मला पुरेशी होती.

मी बरेच दिवस विचार करतेय की तुम्हाला हे सुचलं कसं. मला वाटतं, चांगल्या साथीदारांमध्ये ही समज असते. मैफलीत गाणारा चुकून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हरवतो, तेव्हा चांगला तबलजी त्याच्याकडे चमकून बघत नाही. तो एखादा सोपा मुखडा घेऊन समेवर असा येतो की गाणाऱ्याला जागा कळावी आणि सभागृहाला काहीच कळू नये. पेटीवाला उतरलेल्या सुराखाली हलकेच खरा सूर धरतो. टाळ्या त्याला मिळत नाहीत, पण एका माणसाची अब्रू राखलेली असते. आपल्याकडे दाद देण्याचं खूप कौतुक आहे आणि ते असावं. पण कुठे बघू नये, कधी ऐकलं नाही असं दाखवावं, हे कळणाऱ्या माणसांचंही तितकंच कौतुक व्हायला हवं. आजाऱ्याचा हात थरथरतो तेव्हा खिडकीबाहेर बघणारी नर्स, वाचताना अडखळणाऱ्या पोराकडे न बघता फळा पुसत राहणारे मास्तर, अशी माणसं मला आता सगळीकडे दिसायला लागली आहेत. पूर्वीही असतीलच. त्यांचं काम दिसू न देण्याचंच असतं, म्हणून नजरेतून सुटत असतील.

तुमच्याकडे दर जानेवारीत माझ्यासारखे लोक येत असणार. माळ्यावरून काढलेली पेटी, तार तुटलेलं व्हायोलिन, पुडीची शाई सुटलेला तबला घेऊन. त्यांच्यापैकी कितीजण आज तुमच्यामुळे वाजवत असतील याचा तुम्हाला पत्ता नसेल, कारण ज्याचं वाद्य ठीक चाललंय तो सांगायला परत येत नाही. म्हणून मी लिहून कळवतेय. मी वाजवते आहे. बोटांवर घट्टे आले आहेत. यमन रागाची एक विलंबित, संथ लयीतली गत हातात बसली आहे, तिचे दोन तोडेही. फार चांगलं वाजतं असं नाही, पण संध्याकाळ झाली की हात आपणहून सतारीकडे जातो. या वर्षी मला एवढंच हवं होतं, आणि ते मिळालं. तुमचे आभार मानायला माझ्याकडे याहून मोठी गोष्ट नाही.

जाता जाता एक विचारायचं आहे. मींडेत गंधारावरून पंचमापर्यंत तार ओढताना मी पंचमाच्या जरा खालीच अडकते. कान सांगतो वर जा, बोट ऐकत नाही. बाजाची तार थोडी बारीक घातली तर सोपं जाईल का, की आवाज पातळ होईल? तुम्ही म्हणाल तसं करू. पुढच्या आठवड्यात फोन करते.

आपली कृतज्ञ,
सतार पुन्हा हातात घेतलेली एक विद्यार्थिनी